जुनी मिडसाइज सेडान घ्यावी की नवी: दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गुरुजींच्या घरचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव अन नावं गाळलीत, रकमा थोड्या गोल केल्यात, बाकी सगळं जसं झालं तसं. मी यात सोबत होतो, गाड्या पाहायला, कागद वाचायला अन मधूनमधून भांडणं मिटवायला.

पार्श्वभूमी

गुरुजी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, वहिनी उपकेंद्रात आरोग्यसेविका, घरात दोन पोरं अन आबा. आबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं फॉलोअपसाठी नागपूरला जाणं ठरलेलं, शिवाय मोठी पोरगी शिकायला नागपूरलाच जाणार हे पक्कं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-दिग्रसकडचं, मेन रोडपासून आत, थोडा सिमेंट रोड अन मग घरापर्यंत पांदण. काळी माती आहे, पावसाळ्यात त्या पांदणीत ट्रॅक्टरपण फसतो हे आपल्याकडं कोणाला सांगायची गरज नाही.

घरी जुनी अल्टो होती. शाळेत गुरुजी मोटरसायकलनं जातात, वहिनीची स्कूटी आहे, म्हणजे कारचं रोजचं काम काहीच नाही. कारचं काम म्हणजे महिन्याकाठी एक-दोन नागपूरच्या खेपा, लग्नसराईत पाहुण्यांकडं जाणं, अन रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर. नागपूरला ते कधी यवतमाळ-वर्ध्यावरून जातात, कधी कारंज्याला समृद्धीवर चढतात. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये चालू झाला अन जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर मुंबईकडं खुला आहे, अन त्या रस्त्यावर अल्टोत पाच माणसं, सामान, एसी असं घेऊन ट्रकला ओव्हरटेक करताना वहिनी डोळे मिटून बसायच्या. एका अशाच खेपेनंतर त्यांनी घरी येऊन सांगितलं का गाडी बदला, नाहीतर मी एस्टीनं येत जाईन.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहिलं तर अडचण पैशाची. हातात साडेपाच लाख होते (अल्टो विकून आलेले त्यात धरून), वरचं कर्ज. पण खरा गुंता असा होता का घरातल्या प्रत्येकाची गरज वेगळी अन ती कोणी नीट बोलून दाखवली नव्हती. गुरुजींच्या मनात मिडसाइज सेडान (मागं वेगळी डिक्की असलेली मधल्या आकाराची गाडी) कितीतरी वर्षांपासून. वहिनीचं म्हणणं एकच, एअरबॅग सहा पाहिजेत अन गाडी मजबूत पाहिजे, कारण त्या उपकेंद्रात अपघाताचे पेशंट स्वतःच्या हातानं पट्ट्या बांधून पुढं पाठवतात, त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आबांनी फक्त एवढंच सांगितलं, "मले बसता आलं पाह्यजे अन उठता आलं पाह्यजे, बाकी तुमी पाहा." अन गुरुजींचा साळा, जो पुसदला असतो, तो फोनवर रोज, "भाऊजी, काहून जुनी घेता? लोकं काय म्हणतीन? घ्या नवी एसयूव्ही, हप्ता भरता येते तुमाले."

त्यात वेळ होती सप्टेंबर २०२५ ची. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागले, चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या अन मोठ्या गाड्यांचा २८ टक्के जीएसटी अधिक सेस हा प्रकार जाऊन सरळ ४० टक्के झाला. मिडसाइज सेडानवर आधी सगळं मिळून ४५ टक्के बसायचे, म्हणजे तिथं पाचच टक्क्यांचा फरक, पण डिझायरसारख्या छोट्या सेडानवर २९ चे १८ झाले. त्यामुळं शोरूममध्ये झुंबड, दसरा-दिवाळी तोंडावर, अन सगळेजण गुरुजींना सांगत होते का आत्ताच घ्या.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय नवी मिडसाइज सेडान. व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस, सिटी या चारच उरल्यात आता, सियाझ तर एप्रिल २०२५ मध्ये बंदच झाली. व्हर्नाच्या बेस मॉडेलचं कोटेशन टॅक्स-इन्शुरन्स धरून साडेबारा लाखाच्या आसपास आलं. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के रोड टॅक्स लागतो अन तो एकदम भरायचा असतो, हे लोक एक्स-शोरूम किंमत पाहताना विसरून जातात.

दुसरा पर्याय नवी डिझायर. खरं सांगतो, हा पर्याय मला फार आवडला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे (गाडी आदळून सुरक्षा तपासणारी संस्था) पाच स्टार, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये, अन जीएसटी कमी झाल्यावर मधल्या मॉडेलचं कोटेशन साडेआठ लाखाच्या घरात. पण डिक्की ३८२ लिटरची. आबांचा वॉकर, कमोडची खुर्ची, दोन बॅगा अन पोरीचं सामान टाकून पाहिलं तर खुर्ची मागच्या सीटवर ठेवावी लागली. इंजिन ८२ पीएस ताकदीचं, भरलेल्या गाडीत एसी लावून चढावर ते जाणवतं. गुरुजींनी गाडी चालवून पाहिली अन काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली नाही.

तिसरा पर्याय चार-पाच वर्षं जुनी सिटी किंवा सियाझ, सात-आठ लाखात. अन चौथा, दोन-अडीच वर्षं जुनी ह्युंदाईची व्हर्ना, नवं मॉडेल जे मार्च २०२३ मध्ये आलं ते, नऊ-साडेनऊ लाखात.

डिझेलचा विषय लवकर संपला. या वर्गातल्या डिझेल गाड्या २०२३ मध्येच बंद झाल्या, अन जुनी बीएस-सहा डिझेल घ्यायची तर तिच्यात डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) असतो, तो साफ व्हायला गाडी लांब अन गरम पळावी लागते. आठ-आठ दिवस उभी राहणारी अन मधे फक्त बाजारापर्यंत जाणारी गाडी असेल तर डीपीएफ चोक होण्याची भीती. यांचा वापर पाहता डिझेल नकोच.

एसयूव्हीवर मात्र घरात पंधरा दिवस वाद चालला. साळ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पांदणीला उंच गाडी बरी. पण आबांना आम्ही शोरूममध्ये प्रत्यक्ष बसवून पाहिलं तेव्हा वेगळंच निघालं. उंच गाडीत चढायला त्यांना पाय वर उचलावा लागत होता अन तिथंच गुडघा दुखायचा, सेडानमध्ये बसणं सोपं पण उठणं अवघड. मग फिजिओथेरपिस्टनं शिकवलेली पद्धत वापरली, आधी पाठमोरं होऊन सीटवर बसायचं अन मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे, अन सीटवर तीन-चार इंचाची कडक गादी. बहुतेक मॉडेलमध्ये उंची कमी-जास्त करायची सोय फक्त ड्रायव्हरच्या सीटला असते, म्हणून गादीच कामाची. गादी ठेवल्यावर आबा स्वतःहून उठले. त्या दिवशी एसयूव्हीचा विषय बंद झाला.

पहिला निर्णय: सहा एअरबॅगच्या खाली जायचं नाही

वहिनीनं ही अट घातली अन मला वाटतं पूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. कारण जुन्या गाड्या पाहताना माणूस किमतीकडं पाहून एकेक गोष्ट सोडत जातो, टच स्क्रीन पाहिजे पण एअरबॅग दोनच असल्या तरी चालतीन असं होतं. सियाझ गाडी ऐसपैस, ५१० लिटर डिक्की, इंजिनाला काही त्रास नाही, गावातला मेकॅनिकपण उघडू शकतो, पण एअरबॅग दोनच. ती त्याच दिवशी लिस्टमधून गेली. मन खट्टू झालं गुरुजींचं, पण गेली. २०२३ च्या व्हर्नात सहा एअरबॅग बेस मॉडेलपासून आहेत अन ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, जरी त्याच टेस्टमध्ये बॉडीशेल (गाडीचा सांगाडा) अस्थिर असा शेरा होता, तोपण मी त्यांना वाचून दाखवला. स्लाव्हिया-व्हर्टसलापण २०२३ मध्ये पाच स्टार मिळाले होते, पण यांना त्यांची सर्विस सोयीची पडत नव्हती, छोट्या कामासाठी नागपूर गाठावं लागलं असतं. ह्युंदाईचं काम त्यांना यवतमाळला जमत होतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर ई-२० च मिळते, वीस टक्के इथेनॉलवालं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, रबर वगैरे ई-२० ला धरून बनवलेले असतात, त्याआधीच्या गाडीत ॲव्हरेज थोडं घटते अन जुन्या रबरी भागांकडं लक्ष द्यावं लागते. गाडी आठ वर्षं ठेवायची आहे, वापर कमी आहे, टाकीत पेट्रोल पडून राहणार आहे, तर मग एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच पाहू असं ठरलं. नवी डिझायर दोन्ही अटींत बसत होती पण गुरुजींना ती आवडली नव्हती, जुनी सिटी-सियाझ या अटींनी गेली, अन चार पर्यायांचे दोन झाले, नवी बेस व्हर्ना नाहीतर २०२३ ची जुनी व्हर्ना.

नागपूरची स्वस्त गाडी

हे ठरलं तरी मधे एक मोह आलाच. नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडं २०२१ ची सिटी, वरचं मॉडेल, सहा एअरबॅग असलेली, अन किंमत बाजारापेक्षा लाखभर कमी. २०२१ ची म्हणजे ई-२० ची अट मोडत होती, पण गुरुजींना लाख रुपये दिसले अन ते म्हणाले पाहून तर येऊ. गाडी चकाचक, आतमधून अत्तराचा वास, पॉलिश मारलेली. डीलर, "एकदम टकाटक आहे सर, आजच टोकन टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येऊन रायली."

आता नागपूरची गाडी म्हटलं का माझ्या डोक्यात पहिले २३ सप्टेंबर २०२३ येते. त्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं अन पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्यात, अन त्या काही भंगारासारख्या दिसत नाहीत. म्हणून मी आधी इंजिन न पाहता मागचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, पण खालच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. स्टेपनी काढली तर तिच्या खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक वाळलेला गाळ. ड्रायव्हर सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले अन कार्पेट मात्र कोरं. एवढं पाहिल्यावर इंजिन चालू करून पाहायची गरजच नव्हती.

डीलरला क्लेम हिस्टरी (आधी घेतलेल्या इन्शुरन्स क्लेमची नोंद) मागितली तर म्हणे ओनरकडून मागवून देतो. इन्शुरन्स कंपनीकडून अन कंपनीच्या वर्कशॉपमधून गाडी नंबरवर जुनं काम निघते, मालकाची तयारी असली तर ते एका दिवसात मिळते. आठ दिवस झाले तरी आलं नाही, आम्ही विषय सोडला. पाण्यात गेलेली गाडी बरेचदा आधी काही दाखवत नाही, मग वायरिंगच्या जोडांमध्ये गंज चढतो अन एअरबॅगचा लाइट लागतो, सेन्सर बंद पडतात, अन रात्री हायवेवर गाडी बंद पडली का मग कळते लाख रुपये कुठं वाचले होते ते. माझं यावर ठाम मत आहे, बाजारापेक्षा लाखभर कमी किंमत दिसली का कारण सापडेपर्यंत पाकिटाला हात लावू नये.

दुसरा निर्णय: कर्ज कुठून

अमरावतीची एक व्हर्ना कळली. नोकरदार साहेब, पुण्याला बदली, गाडी मे २०२३ ची, मधलं मॉडेल, दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल, ४१ हजार किलोमीटर, सगळी सर्विस कंपनीत. सौदा ९ लाख १० हजारावर आला. टायर, इन्शुरन्स, ट्रान्सफर, एक पूर्ण सर्विस असे साठेक हजार धरले, म्हणजे ९ लाख ७० हजार. नवीचे साडेबारा. फरक पावणेतीन लाखाच्या वर.

इथं सगळे खूश होते अन इथंच मी त्यांना थांबवलं. कारण बँकेनं नव्या गाडीला ९ टक्के सांगितले अन जुन्या गाडीला १३. आम्ही वहीवर मांडलं. नवी घेतली तर ७ लाख कर्ज, पाच वर्षं, हप्ता १४,५३१ च्या आसपास, पाच वर्षांत व्याज १ लाख ७२ हजार. जुनी घेतली तर ४ लाख २० हजार कर्ज, हप्ता ९,५५६, अन व्याज १ लाख ५३ हजार. पाहा म्हणजे, कर्ज पावणेतीन लाखानं कमी अन व्याज कमी फक्त १९ हजारानं. गुरुजींनी तो आकडा दोनदा लिहून पाहिला. लोक हप्ता पाहतात, हप्ता कमी दिसते अन खूश होतात, पण जुन्या गाडीत जे वाचवलं त्यातलं कितीतरी महाग कर्जात निघून जाते.

मग वहिनीनंच विचारलं का तुमची शिक्षकांची पतसंस्था आहे ना. गुरुजी सोसायटीचे सभासद, पगारातून कपात होते, त्यांनी कधी गाडीसाठी विचारलंच नव्हतं. तिथं १० टक्क्यांनी ४ लाख २० हजार मिळत होते. हप्ता ८,९२४, व्याज १ लाख १५ हजार. बँकेपेक्षा ३८ हजार कमी, अन गाडीच्या आरसीवर कोणाचा बोजा (कर्जाची नोंद) चढत नाही, उद्या विकायची झाली तर मोकळी. दोन जामीनदार लागले, त्यातला एक मी.

माझं मत विचारलं तर, पतसंस्थेचं कर्ज मिळालं नसतं तर मी त्यांना नवी डिझायरच घ्या म्हटलं असतं, डिक्की छोटी असली तरी. कॅरियर लावता आलं असतं. जुनी गाडी अन महाग कर्ज ही जोडी खेड्यातल्या पगारदाराला परवडत नाही, शेतकऱ्याला तर अजिबातच नाही, कारण सोयाबीनचे पैसे येतात दिवाळीच्या आगेमागे अन कापसाचे त्याच्यानंतर तुटक-तुटक, हप्ता मात्र जूनमध्येपण लागतो, जेव्हा बी-बियाणं अन खत डोक्यावर असते.

गाडी कशी तपासली

अमरावतीला सकाळी गेलो, आधीच सांगून ठेवलं होतं का गाडी चालू करून ठेवू नका, थंड इंजिनच चालू करून पाहायचं आहे. सीटबेल्ट, स्टेपनीचा खड्डा, रूळ सगळं कोरडं अन एकसारखं जुनं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असते, त्यातले पहिले दोन आठवडा अन नंतरचे दोन वर्ष, इथं चारही टायर १८२३, म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा, गाडीसोबतचेच. म्हणजे किलोमीटर खरे वाटतात, पण समृद्धीसाठी दोन पुढचे टायर बदलायचे हे तिथंच ठरलं. त्या काँक्रीटवर मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत १२० च्या लिमिटनं पळायचं तर घासलेल्या टायरवर विश्वास ठेवता येत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्विस रेकॉर्ड काढलं, ३८ हजारावर शेवटची नोंद, बरोबर जुळलं. ई-चलान पाहिलं तर दोन होते, साहेबांनी तिथंच भरले.

मग एक काम केलं जे सहसा कोणी करत नाही. साहेबांना विनंती करून गाडीत पाच माणसं बसवली, डिक्कीत सामान टाकलं अन अमरावतीच्या बाहेर एका खेड्याच्या रस्त्यावर नेली. रिकामी गाडी कुठंही निघते, पाच माणसांनी मागून बसकी झाली का मग स्पीडब्रेकरला पोट लागते. दोन ठिकाणी लागलं. गुरुजींचा चेहरा उतरला. तिथं आम्ही स्पष्ट बोललो का पांदणीतून पावसाळ्यात ही गाडी जाणार नाही, म्हणजे जून ते ऑक्टोबर गाडी मेन रोडवरच्या भाच्याच्या घरी उभी राहील अन आबांना तिथपर्यंत ऑटोनं न्यावं लागेल. हे मान्य असेल तरच सौदा. वहिनी म्हणाल्या अल्टोपण तिथंच ठेवत होतो ना. ठरलं.

कागदांचं काम

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. साहेबांचं कर्ज फिटलं होतं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी हातात होती, फॉर्म ३५ भरून बोजा काढलाच नव्हता. साहेब म्हणाले पैसे द्या, मी करून देतो. माणूस चांगला, खोटं बोलणारा नव्हताच, पण पुण्याला गेल्यावर त्यांना कोण धरणार. ठरलं असं, टोकन ११ हजार, बाकीची रक्कम ऑनलाइन आरसीवर बोजा निघालेला दिसल्यावर. याला तीन आठवडे लागले, दिवाळी निघून गेली, साळ्यानं फोनवर ऐकवलं का "दिवाळीले गाडी दारात पाह्यजे होती". गुरुजी दोनदा डगमगले, वहिनी नाही डगमगल्या.

मग गाडीची नोंद अमरावती आरटीओवरून (एमएच २७) यवतमाळला (एमएच २९) न्यायची, म्हणजे अमरावती आरटीओची एनओसी फॉर्म २८, अन विक्रीचे फॉर्म २९ व ३०. राज्य एकच असल्यामुळं नंबर बदलला नाही अन रोड टॅक्स पुन्हा भरावा लागला नाही. परराज्यातली स्वस्त गाडी घेणाऱ्यांना हाच टॅक्स नंतर भरावा लागते.

इन्शुरन्समध्ये एक चांगली गोष्ट झाली. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. साहेबांचा बोनस साहेबांकडं राहिला. पण अल्टो विकताना वहिनीनं कंपनीकडून गुरुजींच्या बोनसचं पत्र घेऊन ठेवलं होतं, ५० टक्के, अन ते पत्र तीन वर्षं चालते. नवीन पॉलिसी गुरुजींच्या नावानं काढताना ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, हप्ता निम्म्यावर आला. जुनीच पॉलिसी पुढं चालवली असती तर ती चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करावी लागते, नाही केली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. गावाकडं किती गाड्या अशाच आधीच्या मालकाच्या नावानं फिरतात, आरसीपण त्याची अन पॉलिसीपण त्याची, उद्या काही झालं तर दोघंही कोर्टाच्या चकरा मारतीन.

काय निष्पन्न झालं

नोव्हेंबरच्या शेवटी गाडी आली. एकूण खर्च ९ लाख ६४ हजार, म्हणजे अंदाजाच्या आतच. आबा गादीवर बसून नागपूरला जाऊन आले, वॉकर अन खुर्ची दोन्ही डिक्कीत मावते, ती ५२८ लिटरची आहे. हायवेला ॲव्हरेज सतराच्या पुढं देऊन रायली, गावात बारा-तेरा. छोट्या पोराला अल्टोत उलटी व्हायची ती थांबली.

एक त्रास झाला. घरी टिनाच्या शेडमध्ये गाडी लावली तिथंच सोयाबीनची पोती होती, अन उंदरांनी बोनेटच्या आतली वायर कुरतडली. इंजिनाचा लाइट लागला, यवतमाळला नेऊन वायर जोडून आणली. पोती तिथून हलवली, आता रात्री बोनेट थोडं उघडं ठेवतात. अन दुसरं, संध्याकाळनंतर दिग्रस रोडवर रोही (नीलगाय) अन रानडुकरं आडवी येतात, गाडी आवाज न करता पळते म्हणून वेग कळत नाही, वहिनीनं अंधार पडला का साठच्या वर जायचं नाही असा नियम करून टाकला. एअरबॅग सहा असल्या तरी रोही काचेतून आत येते, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कर्जाची चौकशी शेवटी झाली, ती पहिल्या दिवशी व्हायला पाहिजे होती. पतसंस्थेचा दर आधी कळला असता तर बजेट आधीच ठरलं असतं अन नागपूरच्या त्या गाडीमागं जाणं झालंच नसतं. आबांना शोरूममध्ये नेणंपण उशिरा झालं, पंधरा दिवस एसयूव्हीवर बोलण्यात गेले अन ज्याच्या गुडघ्यासाठी हे चाललं होतं त्याला कोणी बसवून पाहिलं नव्हतं.

टोकनचा कागद कच्चा होता. ११ हजार दिले ते व्हॉट्सॲपच्या मेसेजवर. साहेब सरळ होते म्हणून निभावलं, पण बोजा किती दिवसांत काढायचा, नाही निघाला तर टोकन परत, तोपर्यंत गाडी कोण चालवणार, हे स्टॅम्पपेपरवर पाहिजे होतं. तीन आठवड्यांत ती गाडी साहेबांनी पुण्याला नेऊन आणली असती तर आम्ही काय म्हणणार होतो.

नवी घ्यायला पाहिजे होती का, हा प्रश्न गुरुजी अजून विचारतात. यांच्या कमी वापराला, पतसंस्थेच्या दराला अन जवळच्या वर्कशॉपला धरून मला जुनीच बरोबर वाटते. ज्याचं रोजचं साठ-सत्तर किलोमीटर जाणं-येणं आहे, ज्याला गाडी दहा-बारा वर्षं वापरायची आहे अन बँकेचंच कर्ज घ्यायचं आहे, त्याला मी नवीकडं ढकलीन.

राहिलं एक काम. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी २०२६ च्या मे महिन्यात संपते अन वाढवून घ्यायची असेल तर ती संपायच्या आत घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. गुरुजींनी एप्रिलची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, यवतमाळच्या वर्कशॉपमधून दर मागवलाय, तो आला का वहीवर मांडून ठरवू.